डाव्या पायाचं काम

"काबरं थांबनी? कोनी सांगं थांबानं?"

गोंदूर रोडवर ऐन मधोमध मंदाबाईने गाडी उभी केली होती. पहिल्या गिअरमध्ये वीस पावलं आली, ब्रेक दाबून थांबली, सावकाश दुसरा गिअर टाकला आणि आता पुन्हा निघायच्या बेतात होती. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न आणि शिवी एकदमच दिली.

"ट्रॅक्टरमा असंच करतस, नाना," मंदाबाई म्हणाली. "उभं करानं, गेर टाकाना, मंग सोडानं."

"हाई काय मांगे नांगर बांधेल शे का? चालता चालता बदलाना गेर!"

तोताराम नानांनी कपाळाला हात लावला. फागणे गावची ही पन्नाशीची बाई. नवऱ्याची दृष्टी गेली, भाजीपाल्याची पिकअप चार महिने दारात उभी, म्हणून गाडी शिकायला आलेली. पंधरा वर्षं ट्रॅक्टर चालवलाय म्हणे. नानांना ते ऐकूनच घाम फुटला. कोऱ्या पाटीवर लिहिता येतं, रेघोट्या मारलेल्या पाटीवर काय लिहायचं?

धुळ्याच्या देवपुरातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नानांना एकतीस वर्षं झाली होती आणि एकतीस वर्षांत त्यांना एकही माणूस गाडी चालवायच्या लायकीचा भेटला नव्हता. शाळामास्तर गिअर बदलताना खाली बघायचे, जणू दांडा कोणी चोरून नेतंय. व्यापारी क्लचसुद्धा काटकसरीने दाबायचे. बिल्डरांची पोरं आधी हॉर्न शिकायची, मग गाडी. माणूस ओळखायला पत्रिका कशाला लागते, असं नाना म्हणत. दहा मिनिटं क्लचवर बसवा, सात पिढ्या कळतात.

त्यातली खरी मेख ते कोणाला सांगत नसत. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. चढावर शिकणाऱ्याचा पाय गडबडला की नानांचा डावा पाय गुपचूप आपला क्लच दाबायचा, अलगद सोडायचा आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पुढे जायची. शिकणारा खूश. घरी जाऊन सांगायचा, आपल्याला जमली बुवा. लायसन मिळालं की पेढे वाटायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची नवी गाडी स्वतःच्याच फाटकावर घालायचा. नाना त्याचे पेढे खात आणि मनात म्हणत, गाढवा, तू कधी चालवलीस? अर्धं धुळं माझ्या डाव्या पायावर चाललंय.

दोन वर्षांपूर्वी भूपेंद्रने, म्हणजे जुन्या मालकाच्या मुलाने, एक ऑटोमॅटिक गाडी आणली. तिला क्लच नाही. डाव्या पायाला कामच नाही. नानांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि नाव ठेवलं, लंगड्याची गाडी. टपरीवर, ऑफिसात, खुद्द भूपेंद्रच्या तोंडावर ते हेच म्हणत. "देवानं दोन पाय दिलेत. एक पाय बांधून चालवायची, ती काय गाडी?" टपरीवरचे लोक हसत. नाना त्या हसण्याकडे बघतही नसत. त्यांना ते सगळे लंगडेच वाटत.

आणि मग मागच्या फाल्गुनात एका संध्याकाळी नाना साक्री रोडने घरी आले, तर बायको दारातच म्हणाली, "एक चप्पल कुठे?" नानांनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती कुठे निसटली, किती अंतर ते अनवाणी चालले, काही म्हणता काही कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, साखर. पाय राहील, पण जाणीव येणार नाही.

नानांनी मागे पट्टा असलेली सँडल घेतली आणि तोंड मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उजवा पाय ठणठणीत होता, ब्रेक त्याच पायाखाली होता, म्हणजे कोणी मरणार नव्हतं. डावा पाय मात्र क्लच शोधायचा आणि चटईच दाबून बसायचा. पायाची कसर नानांनी तोंडाने भरून काढली. पूर्वी ओरडत, आता दुप्पट ओरडू लागले.

गंमत अशी, की मंदाबाईला त्याचाच फायदा झाला. गाडी बंद पडली की बंदच पडायची. कोणी सावरायला नाही. शिव्या खात ती पुन्हा सुरू करायची. चालता चालता गिअर बदलणं चौथ्या दिवशी आलं. नवव्या दिवसापासून गाडी एकदाही बंद पडली नाही. एकतीस वर्षांत खरोखर शिकलेला हा पहिला माणूस, हे नानांना कळत होतं. तोंडाने ते म्हणाले, "म्हैस लवकर शिकस."

बाराव्या दिवशी पांझरेच्या पुलाच्या चढावर समोरचा टेम्पो अचानक थांबला. नानांचा डावा पाय सवयीने झेपावला आणि चटईवर आपटला. गाडी मंदाबाईनेच सांभाळली, हँडब्रेक ओढून, न घाबरता. मग तिने खाली पाहिलं.

"नाना, तुमना पायले काय व्हयेल शे?"

"रस्ताकडे देख. पायकडे देखीसन गाडी चालस नही."

तिने पुन्हा विचारलं नाही. नानांना वाटलं, अडाणी बाई, हिला काय कळणार.

ऑफिसजवळ आले तेव्हा भूपेंद्र बाहेरच उभा होता. शिकायला येणाऱ्या योगेंद्र नावाच्या एका क्लार्कने तक्रार केली होती, गाडी भर चौकात तीनदा बंद पडली आणि मास्तर नुसते बसून राहिले.

"नाना," भूपेंद्र म्हणाला, "एक तारखेपासून तुम्ही ऑटोमॅटिकवर बसा. या गाडीवर मी दुसरा माणूस बघतो."

"लंगड्याच्या गाडीवर मी बसत नाही."

"बरं. मग ही जरा शेडमध्ये लावून दाखवा. रिव्हर्सने."

शेडचा उतार उभा होता आणि मागे भिंत. उलटी गाडी चढवायची म्हणजे सगळा खेळ डाव्या पायाचा. नानांनी हे काम हजारदा केलं होतं, विडी ओढत ओढत. आता त्यांचे कान गरम झाले. ते जागचे हलले नाहीत. मंदाबाईकडे वळून खेकसले, "बठी ऱ्हाय! तूच लाव. पिकअप घरना खयामा लावशी तवय मी येसू का?"

मंदाबाईने गिअर टाकला. गाडी उलटी, संथ, सरळ रेषेत चढू लागली. इतकी सुरेख, की हे मंदाबाईचं की नानांच्या पायाचं, असा भूपेंद्रला संशय आला. तो बाजूने चालत नानांच्या खिडकीशी आला आणि पाय बघायला आत वाकला. नानांचा पाय क्लचपासून वीतभर लांब, दगडासारखा पडला होता.

पण तो भूपेंद्रच्या नजरेस पडायच्या आत गाडीने एक जोराचा हिसका खाल्ला आणि बंद पडली. भूपेंद्रचं डोकं खिडकीच्या काठावर आपटलं. तो कपाळ चोळत मागे सरला.

"चुकनं मन्हं, दादा!" मंदाबाई मोठ्याने म्हणाली. "नानाना पाय व्हता म्हनीसन वाचनू. नही तं भिताडले ठोकाई जाती."

भूपेंद्रने नानांकडे पाहिलं. मग हात झटकत म्हणाला, "जाऊ द्या. तुमची विद्या तुम्हाला माहीत." आणि आत गेला.

नाना ओरडायला हवे होते. मंदाबाई दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून, मान खाली घालून, शिवीची वाट बघत बसली होती. नाना ओरडलेही, "तुले बैलगाडीच बरी!" पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. गाडी नवव्या दिवसापासूनच बंद पडायची थांबली होती, हे दोघांनाही माहीत होतं. एकतीस वर्षं ते लोकांच्या नकळत त्यांच्या पायाखाली आपला पाय ठेवत आले होते आणि मनातल्या मनात त्यांच्यावर थुंकत आले होते. आज फागण्याच्या बाईने त्यांच्या पायाखाली पाय ठेवला होता. ती थुंकली नव्हती, आणि नानांना तेच सहन होईना. ज्याला सांभाळून घेतो त्याला आपण काय समजतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"सोमवारपासून पिकअप घीसन बजारमा जाय," ते दार उघडताना म्हणाले. "आते काय शिकानं ऱ्हायनं नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना सगळ्यांच्या आधी आले. त्यांनी खिळ्यावरून ऑटोमॅटिकची किल्ली स्वतःच काढली. टपरीवरून कोणीतरी हाक मारली, "नाना, आज लंगड्याच्या गाडीवर?" नाना गाडीत जाऊन बसले. पहिली शिकाऊ डिंपल नावाची कॉलेजातली मुलगी होती. तिने बेल्ट लावला, आरसा नीट केला आणि खाली वाकून पाहिलं.

"सर, या डाव्या पायाचं काय करायचं?"

नानांनी किल्ली तिच्या हातात दिली.

"काही नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "ठेवून दे बाजूला."