मानपाड्याचा न मरणारा मासा

"पोहला! पोहला!" अख्खा गाळा ओरडला आणि टाळ्यांनी वरचे पत्रे हादरले. मानपाड्याच्या एमआयडीसीतला तो बंद पडलेला कारखाना खच्चून भरला होता. इंजिनिअर, बँकवाले, एक निवृत्त मुख्याध्यापिकासुद्धा! अनिमेषने जिवंत गोल्डफिश जाळीत धरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवला, काडीसारखा ताठ झालेला सगळ्यांना दाखवला आणि पाण्यात सोडला. बघता बघता मासा शेपूट हलवू लागला.

"मृत्यू म्हणजे पॉज बटण, मित्रांनो! शरीर गोठवून ठेवायचं, शंभर वर्षांनी औषध निघालं की प्ले!" म्हणत त्याने देणगीची पेटी पुढे सरकवली. हा 'शीतनिद्रा स्वयंसेवक मंडळा'चा संस्थापक. गडी हुशार. पैसे मागताना शास्त्रज्ञ, पुरावे मागितले की स्वयंसेवक.

मी कळव्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. विचारलं, "तुमचे निष्कर्ष बाहेरच्या कुणी तपासलेत का?"

"सर, आम्ही पडलो साधे स्वयंसेवक. फंडिंग नाही ना! तुम्ही द्या, लगेच तपासू."

लोक हसले, मला.

मी काही गंमत बघायला गेलो नव्हतो. माझी भाची क्षिप्रा, वय बावीस, हिला रक्ताचा कर्करोग. केमो पूर्ण केली तर बरी होईल, असं डॉक्टर सांगत होते. पण केमोने पेशी नासतात, मग शरीर गोठवून उपयोग नाही, असं अनिमेषने तिच्या वडिलांच्या डोक्यात भरवलं. लेकीची तळमळ बाळभावोजींना बघवत नव्हती. दिवाळीत त्यांनी उपचार थांबवले. तीही थकली होती, हो म्हणाली.

आता ती पहिल्या रांगेतून, वडिलांच्या शेजारून, आईचा हात सोडून उठली.

"दादा, परत बुडवा ना. या वेळी पाच मिनिटं."

"अगं, एवढा वेळ लागतच नाही."

"मला तर शंभर वर्षं ठेवणार आहात!"

अनिमेष नायट्रोजनच्या महागाईवर बोलू लागला. तिने त्याच्या हातातली जाळी घेतली आणि मासा स्वतः बुडवून धरला. नंतर तो पाण्यात टाकला तेव्हा तडकल्याचा आवाज आला. मासा उलटा तरंगला आणि तसाच राहिला.

मग मला राहवेना. "क्षणभर बुडवलं की वरचा ओलावाच गोठतो. नायट्रोजन उकळून माशाभोवती वायूचा थर धरतो, आत मासा शाबूत असतो. तो मेलाच नव्हता, तर जिवंत कसला केला? पुरता गोठला की पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फाटतात. मूठभर पेशींचा भ्रूण गोठवून जगवता येतो, खरंय. पण या थंडीतून अख्खा सस्तन प्राणी अजून कुणी परत आणलेला नाही, आणि प्रामाणिक संशोधक हे आधी सांगतो. हा प्रयोग नाटकातला आहे, विज्ञानातला नाही. विज्ञानातला प्रयोग फसूही शकतो. ज्याचा कधीच फसत नाही, तो फसवत असतो!"

"मासाच अशक्त असेल हो," मागून एक गृहस्थ म्हणाले. पेटी त्या दिवशीही भरली.

दुसऱ्या दिवशी भावोजी क्षिप्राला घेऊन इस्पितळात गेले. "आता सुरू करा," त्यांनी डॉक्टरांपुढे हात जोडले. डॉक्टरांनी नवे रिपोर्ट वाचून बाजूला ठेवले. "दिवाळीत थांबला नसतात तर..." क्षिप्रा होळीआधीच गेली.

कुणी चमत्कार दाखवला तर विचारा: कुणी तपासला? किती वेळा फसला? लोक उद्धट म्हणतील, म्हणू देत. पण विचारायचं ते उपचार चालू असतानाच विचारा.