शिंगाळ्याचा वकील

मासे विकणाऱ्या नीराबाईच्या पाटीत तो शिंगाळा सगळ्यात खाली होता. तोंड मिटलेलं, गाल फुगलेले. काटे मोडायला तिने त्याच्या डोक्यावर कोयता हाणला, तशी त्याच्या तोंडातून एक पिवळी गोळी वाळूत घरंगळली. मग दुसरी. छोट्या बोराएवढी अंडी होती ती.

"पोरं खात व्हता मेला," नीराबाई म्हणाली.

मृणालने खाली वाकून ती दोन्ही उचलली. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. अलिबागच्या कोर्टातल्या नोकरीतून दोन दिवसांची रजा काढून ती काशीदला आली होती, ती त्यांची जाळी कुणाला द्यायची ते ठरवायला.

"काकी, हा मला दे. साफ नको करूस."

"गो, त्यात खायला काय हाय? नुस्तं डोकं."

अंडी हा बापलेकीचा जुना विषय. ती लहानपणी विचारायची आणि तिचा बाप, धर्मा, समुद्रावरून पुरावा घेऊन घरी यायचा. चिंबोरीच्या पोटाखालची झडप उघडून आत चिकटलेला नारिंगी लगदा दाखवायचा. नांगराच्या दोराला लटकलेले म्हाकुलाच्या अंड्यांचे काळे घोस, अगदी द्राक्षांसारखे. एकदा एका मोरीची, म्हणजे लहान शार्कची, चामड्यासारखी थैली आणली होती, ती उन्हाकडे धरली की आतलं पिल्लू हलताना दिसायचं. कोंबडी एकवीस दिवस जागची उठत नाही आणि कासवीण अंडी वाळूत पुरून मागे वळूनही पाहत नाही, हे दोन्ही त्याला सारखंच पटायचं. "ज्याची त्याची रीत," म्हणायचा.

फक्त शिंगाळ्याचा पुरावा त्याने कधी आणला नाही. शिंगाळ्याचा बाप अंडी तोंडात सांभाळतो, पिल्लं सुटेपर्यंत अन्नाला शिवत नाही, असं तो सांगायचा. पण तसा शिंगाळा जाळ्यात आला की पाण्यात सोडून द्यायचा. मग दाखवणार काय? नववीतल्या मृणालने बंदरावर चारचौघांत म्हटलं होतं, "बाबा, मासे आपलीच अंडी खातात. तुम्हाला काय माहीत?" माणसं हसली. बाबांच्या बोटीवरच्या अंबाजीने त्याच दिवशी त्यांना नाव ठेवलं, शिंगाळ्याचा वकील. ते शेवटपर्यंत चिकटलं.

मोबाइलवर दोन मिनिटांत कळलं असतं. पण बाबांच्या शब्दाची शहानिशा तशी करायची तिला लाज वाटली.

घरी ओटीवर अंबाजी जाळी उलगडून बघत बसला होता. मृणालने विळी घेतली. आधी तोंड उघडलं. वाळूतली दोन धरून एकतीस अंडी झाली. काहींच्या पापुद्र्याआडून दोन काळे ठिपके दिसत होते. डोळे. मग पोट चिरलं. आतडं चपटं, रिकामं. कोलंबीचं टरफलसुद्धा नाही. मादीच्या पोटात असते ती गाभोळी शोधली, ती नव्हती. तिच्या जागी दोन पांढऱ्या बारीक पट्ट्या.

"नर हाय," अंबाजी मान वर न करता म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं, काका?"

"बोटीवरच्या सगल्यांना ठावं हाय. नीराबाईचं सोड, ती इकते."

"मग बाबांना चिडवायचात का?"

"तो चिडायचा म्हनून."

"मला का नाही कुणी सांगितलं?"

"मी म्हनलेलो सांगतो. तर म्हनला, नको. पोर वाचनारी हाय, एक दिवस सवताच फाडून बघंल." अंबाजीने एक गाठ सोडवली. "आनि आलेला शिंगाळा सोडून द्यायचा. पोरीनं फाडायचा कुठला, याचा इचार न्हाय केला वकिलानं."

तिला हसू आलं. ते ओसरल्यावर ती म्हणाली, "जाळी तुम्हीच घ्या, काका. पण असा आला की सोडायचा."

"मला वकील म्हनतील ना गो."

"म्हणू देत."

अंबाजी उलगडलेलं जाळं घडी घालून आपल्या बाजूला ठेवू लागला.

मृणालने विळी बाजूला सारली. एवढी अंडी या तोंडात मावली कशी, ते तिला बघायचं होतं. एकेक करून तिने ती परत आत ठेवली, घशाकडून पुढे. एकोणतीस बसली. दोन काही केल्या बसेनात, म्हणून तिने ती सगळी काढली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली.