आदल्या दिवशीची बातमी

साप्ताहिकाची पानं बुधवारी पाच वाजता छापखान्यात जात आणि गावातले समारंभ गुरुवारी होत. गुरुवारी फेरीबोटीला सुट्टी, म्हणून अख्खं गाव त्या दिवशी मोकळं. शुक्रवारी सकाळी अंक दारात पडला पाहिजे, नाहीतर लोक संपादकाला रस्त्यात अडवून विचारत. या तीन वारांचा मेळ साप्ताहिकाच्या बातमीबाईने अकरा वर्षांपूर्वी एका झटक्यात बसवला होता. ती समारंभाची बातमी आदल्या दिवशीच लिहून टाकायची.

पाहुणे कोण, बोलणार कोण, आभार कोणाचे, एवढं यजमानांना विचारलं की बाकीचं तिचं पाठच होतं. टाळ्यांचा कडकडाट, भारावलेले श्रोते, नेटके सूत्रसंचालन. एकदा प्रमुख पाहुण्यांची गाडी वाटेतच बंद पडली, ते पोचलेच नाहीत. पण अंकात त्यांनी तरुणांना मोलाचं मार्गदर्शन केलं होतं. पाहुण्यांनी कुरकुर केली नाही. उलट पाच अंक जास्तीचे मागवले. वाचणाऱ्याला फक्त आपलं नाव हवं असतं आणि ते दुसऱ्याच्या नावाच्या वर हवं असतं, हा हिशेब बाईला पक्का ठाऊक होता.

नव्या धक्क्याच्या उद्घाटनाची बातमीही तिने तशीच बुधवारी लिहिली आणि गुरुवारी घरचे पडदे धुवायला काढले.

त्या गुरुवारी धक्क्यावर काय झालं, ते तिला पडदे वाळत घालताना शेजारणीकडून कळलं. फीत कापून झाली. नगराध्यक्षांनी फोटोसाठी सगळ्यांना जरा मागे सरकायला सांगितलं. लोक सरकले. समुद्राच्या बाजूचा कठडा रंगवून झाला होता, पण त्याचे बोल्ट सोमवारी यायचे होते. कठडा गेला आणि त्याच्याबरोबर तिकीटमावशी गेली, थेट खाली बांधलेल्या बोटीवर. मावशी वीस वर्षं फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत बसत होती. तिचं खुब्याचं हाड मोडलं.

शुक्रवारच्या अंकात छापून आलं : ‘सोहळा निर्विघ्न पार पडला. नव्या भक्कम कठड्याला टेकून मान्यवरांनी छायाचित्रे काढून घेतली.’

बाईला वाटलं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. नगर परिषदेने ते कात्रण जपून ठेवलं.

पंधरा दिवसांनी मावशीच्या घरी नोटीस गेली. कठडा तपासणीत मजबूत आढळला आहे. (तोवर बोल्ट बसले होते, एकेका खांबाला आठ.) समारंभ निर्विघ्न पार पडल्याचे सोबतच्या वृत्तावरून दिसते. सबब आपण कार्यक्रमानंतर स्वतःहून कठड्यावर चढला असावात. अशा बेजबाबदार वर्तनाबद्दल आपणास तिकीट खिडकीवरून का काढू नये?

बाई भेटायला गेली तेव्हा मावशी खिडकीशी पलंगावर होती. तिने नोटीस पुढे फेकली.

“वाच. मी चढले म्हणे कठड्यावर. अठ्ठावन्नाव्या वर्षी. माकड आहे का मी?”

“मावशी, चाळीस माणसं होती तिथे.”

“होती की. विचारून बघ एकेकाला. एक जण चपलेचा पट्टा लावत होता, दुसऱ्याच्या डोळ्यात ऊन, तिसरा म्हणे फुलं बघत होतो. फोटोवाल्याचा फोटो हलला. आणि शेवटी सगळे तुझंच नाव घेतात. पेपरात तर असं नाही आलं म्हणतात.” मावशीचा आवाज वर चढला नाही, हेच वाईट. “तू कुठे उभी होतीस गं? मला दिसली नाहीस.”

बाईने नोटीस घडी करून उशाशी ठेवली. तिचे कान तापले होते.

तिथून ती तडक साप्ताहिकाच्या कचेरीत गेली. संपादक म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ.

“दादा, पहिल्या पानावर छापायचं. बातमी आदल्या दिवशी लिहिली होती, खोटी होती.”

“कुठली?”

“धक्क्याची.”

“आणि मग बाकीच्या?” दादाने चष्मा काढून पुसला. “एक खोटी म्हटलीस की लोक कपाटं उघडून बसतील. अकरा वर्षांचे सत्कार आहेत गं. त्यापेक्षा शुद्धिपत्रक देऊ. ‘भक्कम’ऐवजी ‘नवीन’ असे वाचावे.”

“मावशीचं हाडही ‘नवीन’ असे वाचावे?”

“चिडून काय होणार? मी काय कठडा ढकलला?”

“नाही. तू फक्त तो छापून उभा केलास. आणि मी लिहून.”

तिने मागच्या कपाटातून हस्तलिखितांचा गठ्ठा ओढला. छापखाना प्रत्येक पानावर पोच दिल्याचा शिक्का मारत असे, वार आणि वेळेसकट. दादा दारात आडवा उभा राहिला. “ते पान घेऊन गेलीस तर परत इथे लिहायला येऊ नकोस.” तो धमकी देत नव्हता, नुसता घाबरला होता. बाईला त्याची कीव आली असती, पण रागात जागा नव्हती.

नोटिशीवरची चौकशी परिषदेच्या सभागृहात होती, भर दुपारी. उद्घाटनाला होते तेच चेहरे खुर्च्यांवर होते. मावशीला अंथरुणातून हलवत नव्हते, त्यामुळे तिची खुर्ची रिकामीच. बाईने पान टेबलावर ठेवलं.

“ही बातमी बुधवारी पाच वाजता छापखान्यात पोचली. शिक्का बघा. कठडा पडला गुरुवारी अकराला. मी तिथे नव्हतेच. माझ्या बातमीवरून मावशीला दोषी ठरवू नका.”

नगराध्यक्षांनी पान उलटंसुलटं केलं आणि गोड हसले. “म्हणजे तुम्ही न बघताच लिहिता?”

“हो.”

“नेहमी?”

“अकरा वर्षं. तुमचे सगळे सत्कार धरून.”

“मग तुमच्या अंकात खरं काय असतं हो, बाई?”

“भरती-ओहोटीच्या वेळा. त्या बंदर कचेरीतून येतात.”

खुर्च्या करकरल्या. अध्यक्षांचं हसू विरलं. मागच्या रांगेतून निवृत्त मुख्याध्यापक उठले. उद्घाटनाला मुख्य भाषण त्यांचं होतं, आणि त्यांच्या ओजस्वी भाषणावर अंकात पाच ओळी होत्या.

“म्हणजे माझ्या भाषणाचं तुम्ही आधीच...”

“आधीच, सर.”

“मी ते कात्रण मुलाला पाठवलं, परदेशात.” सरांचा चेहरा लाल झाला होता. “भाषण झालंच नाही माझं. तीन महिने पाठ केलं होतं. फोटो होतो तोवर मी माईकपाशी गेलो आणि कठडा कोसळला, मावशी खाली गेल्या, सगळे तिकडे धावले. माझं कोण ऐकतंय?”

सगळे सरांकडे वळून बघू लागले. आपण काय बोलून बसलो, हे सरांना सगळ्यात शेवटी कळलं.

“लिहून घ्या,” बाई कारकुनाला म्हणाली. “सरांच्या शब्दांत. कठडा आधी कोसळला, मावशी नंतर गेल्या.”

मग बाकीच्यांना एकेक आठवू लागलं. आभार मानायचे राहिलेला उठला. पुष्पगुच्छ न मिळालेला उठला. मावशीचं हाड मोडलं म्हणून कुणी उठलं नव्हतं; आपापलं मानाचं पान गेलं म्हणून उठत होते. बाई मुठी आवळून ऐकत राहिली. नोटीस मागे घेतल्याचं कारकुनाने वाचून दाखवलं, तेव्हाही तिला हायसं वाटलं नाही. या चाळिसांना अकरा वर्षं तिनेच हा मान खाऊ घातला होता.

संध्याकाळी तिने मावशीला सांगितलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं, कठडा, सर, शिक्का. मग म्हणाली, “माझ्या लेकीच्या लग्नाची बातमी?”

बाईची नजर भिंतीकडे गेली.

“मंडपाला आग लागता लागता राहिली होती. दोन तास सगळे अंगणात उभे होतो. मला वाटायचं, तू मुद्दाम नाही लिहिलंस, शोभेसाठी. ती पण आदल्या दिवशीची?”

“हो, मावशी.”

लग्नाच्या त्या बातमीचं कात्रण समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत होतं. पलंगावरून रोज दिसेल असं.

“मला उठता येत नाही,” मावशी म्हणाली. “तूच काढ ते खाली.”

बाईने स्टुलावर चढून चौकट काढली. ती कुठे ठेवायची, ते मावशीने सांगितलं नाही.