एक बोट जागा

१९९८ साल. विश्वकर्मा पूजा होऊन गेली होती, दसरा तोंडावर आला होता, आणि दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका लहानशा फॅब्रिकेशन कारखान्याच्या ऑफिसात तीन माणसं एका डब्याभोवती बसली होती. तिघांचाही एकमेकांवर विश्वास उरला नव्हता.

डबा म्हणजे कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. चपलांच्या खोक्याएवढी, राखाडी, जड. कारखान्यात बनणाऱ्या एकूण एक ब्रॅकेटचं माप आणि भाव त्यात होता, आणि तो सगळा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या विजयानं आपल्या हातानं भरलेला होता. आता नवे कॉम्प्युटर आले होते. डब्यातलं सारं त्यांच्यात उतरवून झालं होतं. डबा पुसून कोरा करायचा आणि रायपूरच्या ऑफिसला पाठवायचा, एवढंच राहिलं होतं. आणि डबा कोरा व्हायला तयार नव्हता.

अरुणकुमारनं पुन्हा फॉरमॅटचा हुकूम दिला. पडद्यावर पुन्हा तेच उत्तर आलं, या डिस्कवर लिहायला मनाई आहे.

अरुणकुमार दुर्गचा, मराठी घरातला, कॉम्प्युटरचा कोर्स करून नुकताच लागलेला. त्यानं केबल बदलून पाहिली. डबा दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिला. फ्लॉपी घालून व्हायरस शोधला. डब्यातल्या फायली खुशाल उघडत होत्या, पुसल्या मात्र जात नव्हत्या. डब्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक कधीच हरवलेलं. डबा उचलताना दर वेळी तो एका गोष्टीला जपत होता. पूजेच्या दिवशी डब्याभोवती आवळून बांधलेल्या लाल धाग्याला त्याचं बोट लागलं, की तो ते बोट कपाळाला लावी. धागा बाजूला सारावा, हे त्याच्या काय, कोणाच्याच मनात आलं नाही. पूजेचा धागा मशीनवर वर्षभर राहायचा, अशी तिथली रीतच होती.

“काकू, पासवर्ड वगैरे डाला था क्या तुम्ही?” त्यानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

“मी कावून टाकू पासवर्ड?”

“नाही, बस पूछ रहा हूँ.”

मॅनेजर ओमप्रकाशजी पेन उघडत होते, मिटत होते.

विजयाला कळलं, त्यांना काय आठवत असणार ते. अरुणकुमार कामावर आला त्या दिवशी ओमप्रकाशजींनी तिला सांगितलं होतं, की दिवाळीनंतर कॉम्प्युटर हा बघेल, तुम्ही गेटच्या नोंदी बघा. तेव्हा ती सगळ्यांच्या देखत बोलून गेली होती, “हा डबा माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही, बघा तुम्ही.” तेव्हा सगळे हसले होते. आता तेच वाक्य तिच्या गळ्याशी आलं होतं.

तिचा संशय अरुणकुमारवर होता. यानंच डब्यात काही करून ठेवलं असेल, मला लवकर हाकलायला. तो पाणी प्यायला उठला तरी ती त्याच्या हातांकडे बघत राही. तो तिच्या हातांकडे बघे. ओमप्रकाशजी दोघांच्याही हातांकडे बघत. दुसऱ्या दिवशी तर गेटवर तिची पिशवी तपासली. शिपायानं जेवणाच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलं. वांग्याच्या भाजीचा वास आला, तसं त्यानं ते ओशाळून लावलं. मागे उभ्या असलेल्या माणसांनी दुसरीकडे बघितलं. ते दुसरीकडे बघणंच तिला जास्त लागलं.

मरोद्याच्या घरी तिचे यजमान रामाजी वाट बघत असायचे. पोलादाच्या प्लांटमध्ये, कोक ओव्हनच्या कोळशाच्या भट्ट्यांवर छाती खराब होऊन त्यांनी वेळेआधी नोकरी सोडली होती. घर विजयाच्या पगारावर चाले, आणि रामाजींनी ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. उलट चौकात कोणी विचारलं तर ते सांगत, आमच्या घरी कॉम्प्युटरवाली आहे.

तिनं त्यांना सगळं सांगितलं. पिशवीचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खोकले, पाणी प्यायले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मले सांग, तू काही केलं तं नाही ना? मी कोनाले सांगनार नाही.”

विजया त्यांच्याकडे बघत राहिली. ते रागावून बोलले असते तर तिनं भांडून घेतलं असतं. पण ते तिला सांभाळून घ्यायला निघाले होते. तिनं ताटं उचलली आणि मोरीवर जाऊन घासत बसली.

पुढचा सबंध आठवडा डबा तसाच राहिला. रायपूरहून मालकांचा फोन आला. त्यानंतर ओमप्रकाशजींनी विजयाला बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. चहा आला तेव्हाच तिनं ओळखलं. ते अगदी मऊ बोलले. “मैडम, हम कोई इल्ज़ाम नहीं लगा रहे. बस, कल से आप घर पर आराम कीजिए.”

आपल्याला काहीच माहीत नाही, हे तिनं एकदाच सांगितलं. पुन्हा सांगितलं नाही. ती आपल्या टेबलाकडे आली. खणातला कंगवा, गोळ्यांची पाकिटं, एक जुना रुमाल पिशवीत भरला.

तेवढ्यात चंपत आत आला. चंपत कारखान्यातला सगळ्यांत जुना फिटर, भंडाऱ्याकडचा. दरवर्षी पूजेला सगळ्या मशीनांना धागा तोच बांधायचा. आणि कारखाना सोडून जाणाऱ्या माणसाच्या हातात त्याच्या मशीनचा धागा सोडून बांधायचा, तोही तोच. लेथवाले, वेल्डर, सगळे धागा बांधूनच गेले होते. ऑफिसातल्या माणसासाठी मात्र तो कधी आला नव्हता.

“बाई, तुमचा धागा घेऊन जा,” तो म्हणाला.

“मले चोर म्हणून काढून राहिले भाऊ. चोराले कुठचा धागा?”

“थे त्याईचं त्याईले ठाऊक. मशीन तुमचीच होती ना?”

ओमप्रकाशजी दारात उभे राहून बघत होते. चंपतनं डबा पुढे ओढला. गाठ मागच्या बाजूला होती, पूजेचं पाणी पिऊन घट्ट बसलेली. त्यानं नखानं उकलून पाहिली, मग वाकून दातानं सोडवली. धागा सैल झाला आणि डब्यातून ‘खट्’ असा बारीक आवाज आला.

यंदाची गाठ नेमकी जिथं बसली होती, तिथं नखाएवढं एक बटण होतं. ते दाबलेलं राहिलं की डिस्कवर काही लिहिता येत नाही, पुसता येत नाही. ते आता वर आलं होतं. इतकी वर्षं डबा हाताळूनही विजयाला ते बटण एखाद्या खिळ्यासारखंच वाटलं होतं.

अरुणकुमार पुढे आला. त्यानं ते बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, सोडलं. मग खुर्चीवर बसून हुकूम दिला. पडद्यावर आकडे सरकायला लागले. एक टक्का. दोन टक्के.

चंपतचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यानं विजयाच्या मनगटाला धागा गुंडाळून गाठ मारली आणि हात जोडले.

“काकू, सॉरी,” अरुणकुमार म्हणाला. ओमप्रकाशजी घाईघाईनं आत आले. “अरे, ग़लतफ़हमी हो गई. बैठिए मैडम, चाय तो आपने पी ही नहीं.”

विजया बसली, पण आपल्या खुर्चीवर नाही. बाहेरच्या माणसांसाठी असलेल्या बाकावर ती बसली आणि आकडे शंभरापर्यंत जाईस्तोवर बघत राहिली. तिची सगळी कमाई तिच्या डोळ्यांदेखत पुसली जात होती, आणि तेवढ्यानंच ती निर्दोष ठरत होती. डबा कोरा झाला तशी ती उठली.

“मैडम, कल?” ओमप्रकाशजींनी विचारलं.

तिनं मनगट दाखवलं. “धागा बांधून झाला ना आता.”

त्यानंतर दोन वर्षांनी रायपूर राजधानी झालं आणि ओमप्रकाशजी मालकांबरोबर तिकडे गेले. तिथं त्यांचं बरं चाललं असं ऐकू येई. डबाही रायपूरलाच गेला, त्याचं पुढे काय झालं कोणाला ठाऊक नाही. अरुणकुमारनं दुर्गला कॉम्प्युटरची दुरुस्ती सुरू केली. गिऱ्हाइकाला काही विचारण्याआधी तो मशीन सगळीकडून फिरवून बघतो म्हणतात. चंपत पुढच्या उन्हाळ्यात वारला. लोखंड आवळून धरायच्या त्याच्या वाइसचा धागा त्याच्या मनगटाला बांधायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

विजयानं जुना टाइपरायटर घेतला आणि दुर्गच्या कचेरीबाहेर टेबल टाकलं. रामाजी सकाळी तिच्याबरोबर मशीन धरून बसमधून येत आणि दुपारपर्यंत शेजारी बसत. डबा कसा कोरा झाला ते तिनं त्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. ते नुसतं “बरं झालं” म्हणाले होते. त्या रात्रीचा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि तिनंही नाही.

विश्वकर्मा पूजेला ती टाइपरायटरला हळदीकुंकू वाही, धागा गुंडाळी आणि गाठ मारायच्या आधी थांबे.

“अवो, इथं बोट ठेवा,” ती म्हणे.

रामाजी धाग्याखाली आपलं बोट ठेवत. ती त्यावरून गाठ मारी. मग ते बोट हळूच काढून घेत, आणि धागा तेवढा सैल राही.