लोखंड धार्जिणं नाही

ट्रक घ्यायचं ठरलं तेव्हा मनोहर निखाडे आधी बँकेत गेला नाही की फायनान्सवाल्याकडे गेला नाही. गेला तो कामठीतल्या एका जोतिष्याकडे. त्यानं पत्रिका उलटीपालटी करून सांगितलं, लोखंड तुमच्या नावाला धार्जिणं नाही, गाडी बायकोच्या नावावर घ्या. झालं! इतकी वर्षं दुसऱ्यांचे ट्रक हाकले तेव्हा हेच लोखंड कसं चाललं, हे त्याला विचारायचं सुचलं नाही. गाडी सुभद्राच्या नावावर झाली. नारळ मनोहरनं फोडला, हार मनोहरनं घातला, आणि त्या दिवसापासून कंटेनर डेपोवर तो मनोहरसेठ झाला.

नागपूरला समुद्र नाही, पण बंदर आहे. कोरडं बंदर. मुंबईला जहाजातून उतरलेले कंटेनर इथे येतात, इथला माल तिकडे जातो, आणि डेपोच्या दारात ट्रकांची रांग काही तुटत नाही. त्या रांगेत ड्रायव्हरला म्हणतात, "ए, पीछे ले गाडी!" आणि मालकाला म्हणतात, "या सेठ, चाय घ्या." मनोहरनं अर्धा जन्म पहिलं ऐकलं होतं. दुसरं कानावर पडायला लागल्यावर माणूस फुगणारच. सुभद्रानं फुगू दिलं. तिलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

पण गाडी चालवायची तीच. म्हणजे स्टेअरिंग सोडून सगळं तिचं. कोणतं भाडं घ्यायचं, टायर कधी बदलायचे, परमिट, पासिंग, सगळं ती घरून फोनवर बघायची. मनोहर सकाळी चपला घालता घालता विचारायचा, "आज कुठं जाऊ वं?" आणि ती सांगेल तिकडे जायचा. महिन्याच्या एक तारखेला ती त्याच्या खात्यात पगार टाकायची. हे तिला विम्याच्या एजंटानं, ऋषिकेशनं, शिकवलं होतं. "वहिनी, गाडी तुमची, चालवतात भाऊ. मग भाऊ तुमचे पगारी ड्रायव्हर. तसं दिसलं पाहिजे."

मनोहर त्या पगाराला घरखर्च म्हणायचा. बायकोनं पैसे धाडले म्हणून माणूस नोकर होतो का, असं त्याचं म्हणणं.

दरवर्षी विम्याचा हप्ता वाढायचा आणि दरवर्षी घरात तेच भांडण व्हायचं. "नुसती थर्ड पार्टी घे ना," मनोहर कुरकुरायचा. "मी चालवून राहिलो तं गाडीले का होते?" सुभद्रा ऐकायची नाही. गाडीचा पूर्ण विमा घ्यायची, आणि वर ड्रायव्हरचा वेगळा. त्या ड्रायव्हरच्या विम्यावर तर मनोहर असा भडकायचा की विचारू नका.

"ड्रायव्हरचा काहून? कोन ड्रायव्हर आहे आपल्याकडे?"

"तुमी आहे."

"मी ड्रायव्हर?" असं म्हणून तो बाहेर निघून जायचा, ते जेवायलाच परत यायचा. रक्कम फुटकळ होती. झोंबायचा तो शब्द.

मग एक दिवस तळेगावच्या पुढे, उतारावर, म्हशींचा कळप आडवा आला. मनोहरनं गाडी वळवली, म्हशी वाचल्या, कंटेनर उलटला. उजवा पाय मांडीपासून कापावा लागला. ट्रकच्या विम्याचे पैसे आले, ते कर्जापोटी फायनान्सवाल्यानं परस्पर नेले. लोखंडाचं भागलं, माणसाचं राहिलं.

माणसाला त्या पॉलिसीत दोनच दारं होती. एक मालकाचं, पण त्यासाठी गाडी ज्याच्या नावावर तोच चालवत असला पाहिजे. सुभद्राला सायकलसुद्धा येत नव्हती. दुसरं पगारी ड्रायव्हरचं. ऋषिकेश दवाखान्यात येऊन म्हणाला, "वहिनी, तुम्ही दरवर्षी भांडून ते घेतलं, फार शहाणपणा केला." ऐकून सुभद्रा रडली. दवाखान्यात रडली ती तेव्हाच.

विमा कंपनी म्हणाली, हा कसला ड्रायव्हर, हा तर नवरा. प्रकरण कामगार कोर्टात गेलं. तोवर सुभद्रा गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागली होती. कामठीहून रोज ऑटोनं जायची-यायची. मनोहर घरी खाटेवर. कुबड्या काखेत रुतायच्या म्हणून तो उठतच नव्हता. चांगला पाय बसवून मिळतो, त्या पायावर माणूस दुकानात बसू शकतो, चालू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. सुभद्राचा सगळा जीव त्या पायात अडकला होता. भरपाई आली तर पाय, नाही तर ही खाट.

त्यांची वकीलबाई, प्रीती, सरळ मुलगी होती. तिनं मनोहरला समोर बसवून समजावलं, "काका, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. गाडी बायकोची. मी ती सांगेल तशी चालवायचो. ती मला पगार द्यायची. एवढंच. खरंच आहे ना हे?"

"खरं आहे," मनोहर भिंतीकडे बघून म्हणाला.

घरी सुभद्रा पोळ्या लाटता लाटता त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. तो मान खाली घालून पुटपुटायचा. पण ती मनात म्हणायची, एक दिवस लाज गेली तर जाऊ दे, पाय तं येईन.

तारखेच्या दिवशी मनोहरनं इस्त्रीचा पांढरा शर्ट मागितला. सुभद्राला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण कोर्टात माणूस नीटनेटका गेला तर बरंच, असं वाटून तिनं काढून दिला.

कंपनीच्या वकिलाची सुभद्रानं धास्ती घेतली होती. तो ओरडेल, घालूनपाडून बोलेल, असं वाटलं होतं. तर तो उठला आणि स्वतः खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "साहेबांची परवानगी असेल तर सेठजींना बसू द्या. पायाचा त्रास आहे त्यांना."

सेठजी! अपघात झाल्यापासून हा शब्द मनोहरच्या कानावर पडला नव्हता. डेपोवरचं कोणी भेटायलासुद्धा आलं नव्हतं. तो बसला, आणि त्याची पाठ सरळ झाली. सुभद्रानं ती सरळ होताना बघितली.

"सेठजी, ट्रक लाइनमध्ये बरीच वर्षं काढली तुम्ही?"

"उमर गेली साहेब त्याच्यात."

"मग गाडी कोणती घ्यायची, ते तुम्हीच बघितलं असेल."

"मंग! हिले काय समजते त्यातलं?"

"पूजा?"

"मीच केली."

"वहिनींनी कधी सांगितलं का, हे भाडं घेऊ नका, तिकडे जाऊ नका?"

रोज सांगितलं होतं. ज्या दिवशी पाय गेला त्या दिवशीसुद्धा तिनंच धाडलं होतं, आणि ती सल तिच्या काळजात अजून होती. मनोहरनं एकदा तिच्याकडे बघितलं. मग कोर्टाकडे बघून हसला.

"बायका का सांगतीन साहेब ट्रकवाल्याले?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. प्रीतीनं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे मालक तुम्हीच?"

"मीच ना! हिचं नुसतं नाव होतं. लोखंड मले धार्जिणं नाही म्हनून."

"आणि हा पगार जमा व्हायचा, तो?"

"कायचा पगार? मी का कोनाचा नोकर आहो? घरचेच पैसे ते, इकडचे तिकडं."

"धन्यवाद, सेठजी," वकील म्हणाला आणि बसला. एवढ्याच कामाचे त्याला पैसे मिळत असतील.

बाहेर आल्यावर मनोहरनं कुबड्या टेकून टपरीवर दोन चहा सांगितले. सांगितले त्यानं, पैसे सुभद्रानं दिले. त्याचा चेहरा असा उजळला होता की जणू डेपोवरूनच आला.

"मानूस चांगला होता वं तो," तो म्हणाला. "आपल्या वकीलबाईले बोलता येत नाही. याची तमीज पाह्य. सेठजी म्हने."

सुभद्राला वाटलं, हा गरम चहा याच्या त्या पांढऱ्या शर्टावर ओतावा. तिनं तो घोटाघोटानं पिऊन टाकला. इतकी वर्षं याला सेठ होऊ दिलं, आपणच हौसेनं होऊ दिलं, याचा तिला भयंकर राग आला. त्याचा जास्त की स्वतःचा, ते तिला कळेना.

निकाल लागायचा तोच लागला. नवरा गाडीचा खरा मालक होता हे त्याच्याच तोंडून आलं आहे, सबब तो पगारी ड्रायव्हर नव्हे. पाय गेला तो गेलाच. वरच्या कोर्टात जाऊ, असं प्रीती म्हणाली खरी, पण तिच्या आवाजात दम नव्हता.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. अपघातानंतरही सुभद्रानं एक तारखेचे पैसे कधी चुकवले नव्हते. थोडेच टाकायची, साड्यांच्या घड्यांमधून वाचतील तेवढे. तंबाखूच्या खर्र्याला, दाढीला, कोणी आलं-गेलं तर चहाला. गड्यानं बायकोपुढे हात पसरू नये म्हणून.

निकालानंतरची एक तारीख आली. सुभद्रा संध्याकाळी घरी आली, पाय धुतले, कणीक मळायला बसली. मनोहर खाटेवर मोबाइल खालीवर करत होता.

"पैसे नाही आले वं या महिन्यात."

"कायचे पैसे?"

"ते... दर महिन्याले येते ते."

सुभद्रा कणीक मळत राहिली. तिनं वर बघितलं नाही. तिला ऐकायचं होतं.

"माह्या पगाराचे," तो शेवटी म्हणाला.

तिचे हात थांबले. एवढा एक शब्द. कोर्टात त्यानं तो नाकारला होता आणि इथे, भांड्याकुंड्यांपुढे, मागत होता.

"सेठ लोकाईले पगार नसते," ती म्हणाली, आणि परत कणीक मळू लागली.