गरब्याच्या वेगात गामेलान

डहाणूच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जावा बेटावरचा गामेलान नावाचा वाद्यसंच मांडला होता. काशाच्या पट्ट्या, उलट्या पातेल्यांसारख्या घंटा, एक ढोल आणि चौकटीला टांगलेला, परातीएवढा गाँग. कुणीही यावं, वाजवून बघावं, अशी कार्यशाळा. माझ्या वाट्याला गाँग आला.

मी फिजिक्सवाली. मोठ्या गाँगचा आवाज सरळ विरत नाही, लाटांसारखा कमी-जास्त होत जातो, असं वाचलं होतं. तो पूर्ण विरेपर्यंत मला मोबाइलवर रेकॉर्ड करायचा होता. पण गाँग मोकळा घुमतो तो फक्त शेवटच्या ठोक्याला, बाकी सगळे थांबल्यावर. आणि वाद्यं संध्याकाळीच परत जाणार होती.

"शेवटी ढोल हळू होतो, त्याच्यामागून सगळे, मग गाँग," जाव्यात शिकून आलेल्या निधीताईंनी सांगितलं.

ढोल देवजीकाकांकडे होता. काका वरोरचे, मासेमारी करतात आणि नवरात्रात गरब्याला ढोल वाजवतात. गरबा शेवटाला चढतो. काका चढले, त्यांच्यामागून पट्ट्यांवरचे सगळे चढले. दोघी-तिघींनी बसल्या जागी टाळ्या धरल्या. माझा गाँग त्या गोंधळात बुडाला.

"काका, हळू!"

"हळू केलं तर पब्लिक घरी जाते, ताई."

दुसऱ्या खेपेलाही तेच. निधीताईंनी घड्याळ पाहिलं. "आता शेवटचं."

मी काकांजवळ जाऊन बसले. "काका, बंदरात शिरताना इंजिन कसं कमी करता? तसं."

"असं सांग की, पोरी!"

"यांना नको विचारू," शेजारून जमुनाकाकी म्हणाल्या. "बायको आहे मी, मला माहीत. दोनदा धक्क्याला ठोकलीय बोट."

"एकदा! दुसऱ्यांदा धक्काच पुढे आलेला."

पण या वेळी काकांचा हात खरंच सैल पडत गेला. मध्येच एक ठोका इतका उशिरा आला, की वाटलं इंजिन बंद पडलं. मग मी गाँग वाजवला. हसू दाबायला जमुनाकाकींनी पदर तोंडात कोंबला. कुणी हललं नाही. मोबाइलच्या स्क्रीनवरची रेघ फुगत, आक्रसत शेवटी सपाट झाली.

"ऐकव, ऐकव!" सगळे जमले. मी रेकॉर्डिंग लावलं. फोनमधून नुसती खरखर आली.

"एवढा वेळ श्वास धरला तो यासाठी?" काकी म्हणाल्या.

"काकी, आवाज फार खर्जातला आहे. एवढ्याशा स्पीकरला झेपत नाही. आत आहे तो."

"नक्की आहे?" काकांनी विचारलं.

"आहे."

"मग चल वरोरला. नवरात्राचे स्पीकर घरातच पडलेत."