बाजाराची बारा वाक्यं

सेटवर तिला सगळे मास्तरीण म्हणत. दोन हजार वर्षांपूर्वी बोलायची थांबलेली भाषा ती नटांना शिकवायची, आणि हातात पट्टी नसली तरी नजर पट्टीचीच होती. राजाचं काम करणारा एवढा मोठा नट, पण तिच्यासमोर गृहपाठ विसरल्यासारखा उभा राहायचा.

त्या सकाळी निर्मात्याने फर्मान काढलं. बाजाराच्या प्रसंगात राजाराणी जुन्या भाषेत बोलतील, मागच्या दोनशे माणसांनी मात्र नुसती तोंडं हलवायची. गलबला तयार मिळतो, तो नंतर भरू.

"गर्दीचं बोलणं कोण ऐकतंय, मॅडम?"

"माझे वडील," मास्तरीण म्हणाली.

वडिलांनी शाळेत भूगोल शिकवता शिकवता चाळीस वर्षं या भाषेचा कोश केला होता. शब्दागणिक एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीच्या तळाशी 'कुठे आढळला' ते. अमुक शिळा, तमुक ओळ. नातेवाईक हसायचे. जेवायला हाका मारून आई दमली की म्हणायची, "आता त्या दगडांनाच वाढायला सांगा." आता ते सत्त्याऐंशीचे होते, डोळे अधू झाले होते. दगडांवर राजांच्या आज्ञा सापडल्या, देवांच्या स्तुती सापडल्या. भाजी घेतानाचं बोलणं कोण कशाला कोरून ठेवील? ही भाषा एकदा चारचौघांच्या तोंडून ऐकायची, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. ती पुरी केल्याशिवाय मास्तरीण हटणार नव्हती.

"दोन दिवस द्या," ती म्हणाली. "जमलं नाही तर भरा तुमचा गलबला."

"दोनशे लोक, दोन दिवसांत?"

"पोपट शिकतो, माणसांना काय धाड भरलीय?"

कोशातल्या शब्दांची तिने बारा वाक्यं जुळवली. ताजं आहे का? हा माल कुजका आहे. याचा धनी कुठे आहे? सावलीत चल. अशी. मग आचाऱ्याला फितवलं, आणि जेवणाच्या रांगेत वाक्य म्हटल्याशिवाय ताट मिळेना. भूक लागली की भल्याभल्यांना भाषा येते.

गुरुवारी तालीम झाली आणि दोनशे जणांनी वाक्यं म्हटली ती पाढे म्हटल्यासारखी. एक चूक नाही, आणि जीवही नाही. निर्माता खुर्चीत बसून गालातल्या गालात हसला.

तेवढ्यात कॅमेऱ्याची क्रेन अडकली. दिग्दर्शकाने सगळ्यांना बजावलं, जागा सोडायची नाही, आणि स्वतः छत्रीखाली जाऊन बसला. एक तास गेला. दुसरा गेला. उन्हाने डोकी तापली. कांद्याच्या टोपलीमागे उभ्या असलेल्या बाईने, जिला सगळे उंचाडी म्हणत, दिग्दर्शकाकडे हनुवटी उडवली आणि जुन्या भाषेत शेजारणीला म्हणाली, "हा माल कुजका आहे."

"याचा धनी कुठे आहे?" शेजारीण म्हणाली.

"सावलीत."

हशा पिकला. मग काय, या दुकानातून त्या दुकानात बोलणं पसरलं. कोणी टोमणा मारतंय, कोणी उलटून उत्तर देतंय, सगळं त्याच बारा वाक्यांतून. उंचाडीने तर दोन शब्द जोडून दिग्दर्शकाचं बारसंच उरकलं. कुजकाधनी, असं काहीसं. मास्तरीण धावत साउंडवाल्याकडे गेली. "यंत्र चालू कर. का ते विचारू नकोस."

दिग्दर्शक छत्रीखालून उठून आला. "काय बोलतायत हे?"

"बाजारात बोलतात तेच," ती शांतपणे म्हणाली. "मालाला नावं ठेवतायत."

"मग हेच पाहिजे. असंच बोलत राहा सगळे."

क्रेन सुटली, शॉट झाला. निर्मात्याने हेडफोन लावून बराच वेळ ऐकलं आणि काढून ठेवला. "राहू द्या गर्दीचं बोलणं," एवढंच म्हणाला. मास्तरणीने उंचाडीला गाठून मिठीच मारली.

रविवारी तिने वडिलांच्या कानांवर हेडफोन चढवले. ते डोळे मिटून ऐकत होते. ओठ हलत होते, मधेच खुदकन हसत होते. अचानक त्यांनी हात वर केला.

"हा शब्द परत ऐकव. हा माझ्या कोशात नाही."

"कसा असेल, बाबा? गुरुवारी दुपारी जन्मलाय. दिग्दर्शकाला ठेवलेलं नाव आहे."

ते ठसका लागेपर्यंत हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "कोरी चिठ्ठी आण."

अक्षरं मोठी मोठी उमटत होती. शब्द लिहिला. अर्थ लिहिला: दुसऱ्यांना उन्हात उभं करून स्वतः सावलीत बसणारा. तळाच्या ओळीपाशी पेन थांबलं. चाळीस वर्षं त्या ओळीवर त्यांनी फक्त दगडांचे नंबर लिहिले होते.

त्यांनी सावकाश लिहिलं आणि चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "बघ गं, वाचता येतंय का?"

डोळे भरून आल्यामुळे तिलाही नीट दिसेना, पण तिने मोठ्याने वाचून दाखवलं.

"कुठे आढळला: लोकांच्या तोंडी."